दिल्लीची केमन पुण्यात: वापरलेल्या स्पोर्ट्स कारचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण 2008 सालच्या एका पोर्शे केमन एसचे आहे. गाडी दिल्लीत नोंदलेली, ग्राहक पुण्याचा. व्यक्ती ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. गाडीचे तांत्रिक तपशील आणि निर्णयांचा क्रम बदललेला नाही.

ग्राहक म्हणजे बाणेरला राहणारे, पन्नाशीच्या अलीकडचे एक गृहस्थ. स्वतःचा छोटा कारखाना आहे. गाड्यांचे वेड जुने, पण घरात रोजच्या वापराची एक एसयूव्ही आणि बायकोची हॅचबॅक, एवढाच ताफा. 2021 च्या दिवाळीआधी त्यांनी ठरवले की आता हातात गिअर असलेली, दोन सीटची, खरीखुरी स्पोर्ट्स कार घ्यायची. बजेट 35 लाखांचे. त्यातले 24 लाखांपर्यंत गाडीला आणि 5 लाख कागदपत्रे व किरकोळ कामांना. उरलेले 6 लाख त्यांनी वेगळ्या एफडीत टाकले आणि तिला नाव दिले ‘इंजिन’. ही एफडी लक्षात ठेवावी. पुढे बिघडलेल्या बऱ्याच गोष्टींचे मूळ तिच्यात आहे.

दिल्लीची गाडी स्वस्त का मिळते, हे पुण्या-मुंबईच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. दिल्ली आणि एनसीआरमध्ये 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर आणि 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर तेव्हा सरसकट बंदी होती. आधी हरित लवादाचा आदेश होता, मग 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याला दुजोरा दिला. ही केमन मार्च 2008 मध्ये नोंदलेली, म्हणजे दिल्लीत तिचे जेमतेम दीड वर्ष उरलेले. विकणाऱ्याने 26 लाख सांगितले. अशीच गाडी एमएच नंबरची असती तर मालक 30 च्या खाली बोललाच नसता.

या गाडीबद्दल लोक घाबरतात ते कशाला

केमन एसच्या या पहिल्या पिढीत 3.4 लिटरचे, सहा सिलिंडरचे, साधारण 295 अश्वशक्तीचे इंजिन असते. ते सीटच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे बसवलेले असते आणि सहसा दिसतच नाही. पुढचे झाकण उघडले तर सामान ठेवायचा खड्डा. मागचे उघडले तर ऑईल आणि कूलंट भरायची दोन टोपणे. ऑईल बघायला डिपस्टिकसुद्धा नाही, मीटरमध्ये उमटणाऱ्या पट्टीवर विश्वास ठेवायचा. जुन्या गाडीचे इंजिन ‘नजरेखालून घालणे’ हा आपल्याकडचा आवडता विधी इथे चालत नाही.

भीती दोन गोष्टींची. पहिली इंटरमीडिएट शाफ्टच्या बेअरिंगची. क्रँकशाफ्टवरून फिरणारा हा मधला दांडा साखळ्यांमार्फत कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, चालवतो. त्याच्या एका टोकाचे बेअरिंग तुटले की टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ, जाते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन भंगारात. अमेरिकेत यावरून सामूहिक दावा झाला आणि 2013 मध्ये तडजोड झाली. ती 2001 ते 2005 मॉडेलच्या गाड्यांपुरती होती. 2006 पासून कंपनीने मोठे बेअरिंग घातले. ते तुटण्याचे प्रमाण बरेच कमी, पण त्यात एक मेख आहे: क्रँककेस दोन भागांत उघडल्याशिवाय ते बाहेरच निघत नाही. जुन्या गाड्यांत क्लच बदलताना बेअरिंगही बदलून निर्धास्त होता येते. इथे ती सोय नाही.

दुसरी भीती सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे पडण्याची. या इंजिनात सिलिंडरला वेगळी लोखंडी बाही नाही. ॲल्युमिनियमच्या ओतकामातच सिलिकॉनचा कठीण थर आहे. पिस्टनवरचा लेप झिजला की दोन्ही एकमेकांना घासतात. मग गरम इंजिनाचा टक-टक आवाज येतो, ऑईल जास्त जळते, एका बाजूचा सायलेन्सर दुसऱ्यापेक्षा जास्त काळा पडतो. कडाक्याच्या थंडीतल्या देशांत हे जास्त आढळते. आपल्याकडे कमी आढळते, पण झाले तर दहा-बारा लाखांची बात.

ग्राहकाने हे सगळे वाचलेले होते. माझ्या मते जरा जास्तच वाचलेले होते.

तपासणी

गाडी पाहायला ते स्वतः गेले आणि गुरुग्रामच्या एका स्वतंत्र वर्कशॉपमध्ये पैसे देऊन तपासणी करून घेतली. विकणारा व्यापारी आधी नाखूष होता. ‘मीटर 34,000 आहे, एकच मालक आहे, आणखी काय बघायचं’ असा त्याचा सूर. ग्राहक ठाम राहिले, हे उत्तम केले.

पहिला प्रश्न किलोमीटरचा. मीटर मागे फिरवणे हा धंदा नवा नाही, आणि महागड्या गाडीत तो जास्त फायद्याचा. या गाड्यांत मात्र इंजिनाचा संगणक इंजिन एकूण किती तास चालले याची वेगळी नोंद ठेवतो. ती वाचली तर 1,890 तास निघाले. 34,000 भागिले 1,890, म्हणजे सरासरी ताशी 18 किलोमीटर. इतका कमी वेग बघून ग्राहकाच्या पोटात गोळा आला. खरे किलोमीटर 60,000 असतील तर?

इथे घाईने ‘नको’ म्हणता आले असते. वर्कशॉपवाल्याने चौकशी केली तेव्हा कळले की मूळ मालकाचा ड्रायव्हर बॅटरी उतरू नये म्हणून दर आठवड्याला गाडी वीसेक मिनिटे जागेवर चालू ठेवायचा. तेरा वर्षांचे असे सव्वादोनशे तास होतात. ते वजा केले तर सरासरी ताशी 20 च्या थोडी वर जाते, आणि दिल्लीच्या शहरी रहदारीत ती पटण्यासारखी आहे. नुसत्या तर्कावर न थांबता जुनी बिले मागवली: 2011 चे 14,000 किलोमीटरचे, 2016 चे 27,000 चे. मीटर आणि बिले जुळली. संगणकात इंजिन मर्यादेपलीकडे फिरवल्याच्या नोंदीही असतात. खालच्या टप्प्यात मोजक्या होत्या, वरच्या टप्प्यांत एकही नव्हती. म्हणजे चुकीचा गिअर टाकून इंजिन ओरबाडलेले नव्हते.

दुसरा प्रश्न सिलिंडरचा. ओरखडे नीट दिसायचे तर खालून ऑईलचा सम्प, म्हणजे तळाची टाकी, उघडून कॅमेरा वर घालावा लागतो, कारण ते भिंतीच्या खालच्या भागात आधी पडतात. व्यापाऱ्याने सम्प उघडू दिला नाही. तडजोड म्हणून मागची चाके काढून, स्पार्क प्लग बाहेर घेऊन, त्या भोकांतून कॅमेरा घातला. सहापैकी पाच सिलिंडर स्वच्छ. पाचव्या क्रमांकाच्या भिंतीवर दोन पुसट उभ्या रेषा, नखाला लागणार नाहीत इतक्या. शेवटी ऑईल फिल्टर उघडला. आतला कागद चाकूने कापून, त्याच्या घड्या पांढऱ्या टिश्यूवर एकेक करून उलगडल्या आणि टॉर्चखाली तिरप्या प्रकाशात पाहिल्या. बेअरिंग झिजत असेल तर तिथे चमचमणारे कण सापडतात. काळे ऑईल आणि थोडी कार्बनची भुकटी, बाकी काही नाही.

टायरच्या कडेवरचा चार अंकी आकडा 1412 निघाला, म्हणजे 2012 सालचा चौदावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, रबर मात्र साडेनऊ वर्षांचे. सौद्यात हा मुद्दा वापरला गेला.

एक गोष्ट कोणी बघितली नाही. गाडी उभी असताना एसी लावून, पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांशी कान लावून पंखे फिरतात का, हे. मिनिटभराचे काम होते.

समोरचे पर्याय

तेव्हा टेबलावर तीन पर्याय होते.

ही दिल्लीची केमन, घासाघीस होऊन 22 लाख 75 हजारांवर आलेली. दुसरी मुंबईतली 2010 ची केमन एस, 36 लाखांची. या दुसऱ्या पिढीच्या इंजिनात तो बदनाम मधला दांडाच नाही, अश्वशक्ती 320, कागद महाराष्ट्राचे. पण गिअरबॉक्स स्वयंचलित, सात गिअरचा पीडीके. तिसरा पर्याय पुण्यातल्याच एका जुन्या बॉक्सस्टरचा; तीही पोर्शेचीच, स्वस्त आणि उघड्या टपाची. बायकोने सुचवलेला चौथा पर्याय म्हणजे हे सगळे सोडून नवी, वॉरंटीची, चार सीटची गाडी घेणे. तो गंभीरपणे घेतला गेला नाही.

बॉक्सस्टरचा इतिहास कोणाकडेच नव्हता, ती लगेच बाद झाली. खरी लढत पहिल्या दोघींत. मुंबईच्या गाडीचा मालक 34 पर्यंत उतरायला तयार होता. ग्राहकाचा हिशेब असा: सव्वाअकरा लाख वाचतात, इंजिनासाठी 6 लाख बाजूला आहेतच, आणि क्लच दाबून गिअर टाकायचा आनंद वेगळाच. हा शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. अशी गाडी कोणी गरज म्हणून घेत नाही. जी चालवायला आवडेल तीच घ्यावी. पहिले दोन मुद्दे मात्र कच्चे होते, कारण वाचलेल्या सव्वाअकरा लाखांसमोर कागदपत्रांचा आणि वयाचा खर्च मांडलाच नव्हता.

गाडी बंद ट्रेलरमधून पुण्याला आली. तपासणी, विमानप्रवास आणि वाहतूक मिळून 1 लाख 10 हजार गेले.

कागदपत्रे

कागदांसाठी मनात धरलेला आकडा लाखभराचा होता. प्रत्यक्षात साडेतीन लाख गेले आणि सात महिने लागले.

दिल्लीच्या आरसीवर एका बँकेचा बोजा तसाच होता. कर्ज 2012 मध्ये फिटले होते, पण मूळ मालकाने फॉर्म 35 भरून बोजा उतरवलाच नव्हता. तो उतरल्याशिवाय दुसऱ्या राज्यासाठीची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, मिळेना. बँकेच्या त्या शाखेचे मधल्या काळात स्थलांतर झालेले, जुनी फाईल सापडायलाच दोन महिने गेले. गाडीचे पूर्ण पैसे तोवर व्यापाऱ्याला देऊन झाले होते, त्यामुळे त्याचा फोन उचलण्याचा वेगही मंदावला.

मग पुण्याची बाजू. परराज्यातली गाडी 12 महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. आयात गाडीला हा दर 20 टक्के. तो लागतो मूळ किमतीवर, गाडीच्या वयाप्रमाणे घट धरून. म्हणजे तुम्ही गाडी कितीला घेतली याला अर्थ नाही. 2008 मध्ये ती कितीची होती याला आहे. आणि 2008 चे मूळ बिल मालकाकडे नव्हते. ते मिळवणे, गाडी चोरीची नसल्याचा एनसीआरबीचा दाखला, चासी नंबरचा पेन्सिलने घेतलेला छाप, प्रत्यक्ष तपासणी, अशी एकेक पायरी करत मे 2022 मध्ये एमएच 12 चा नंबर लागला. दिल्लीत भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण उरलेल्या दहा महिन्यांसाठी तिकडे खेटे घालायला ते गेले नाहीत.

कागद पूर्ण झाले म्हणून दोन वर्षांनी त्यांना हायसे वाटले. मे 2024 मध्ये कल्याणीनगरच्या भीषण अपघातातली पोर्शे कायम नोंदणीविनाच रस्त्यावर होती, 1,758 रुपयांचे शुल्क भरायचे राहिले होते, हे उघड झाले. त्यानंतर पुण्यात या बिल्ल्याच्या गाडीकडे बघण्याची नजर बदलली, आणि ती बदलणे स्वाभाविकच होते.

उन्हाळा

एप्रिल 2022. पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल तेव्हा अजून पाडलेला नव्हता आणि तिथली कोंडी रोजचीच होती. दुपारी एसी लावून त्या गर्दीत अडकले असताना, एरवी 80 मधल्या शून्यावर खिळलेला तापमानाचा काटा सरकत सरकत 100 च्या पुढे गेला. त्यांनी एसी बंद केला, हीटर पूर्ण लावला, काचा उघडल्या आणि पहिल्या मोकळ्या जागी गाडी बाजूला घेतली. हे प्रसंगावधान नसते तर ‘इंजिन’ नावाची एफडी त्याच दिवशी मोडावी लागली असती.

केमनचे इंजिन मागे, पण रेडिएटर पुढे, बंपरच्या दोन्ही टोकांना. त्यांच्यासमोर एसीचे कंडेन्सर, त्यांच्याही समोर उघडी भोके. रस्त्यावरचा पालापाचोळा सरळ आत जातो आणि बाहेर यायला वाट नसते. कोथरूडच्या गॅरेजमध्ये बंपर उतरवला तेव्हा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत राखाडी नमद्यासारखा थर निघाला. कडुनिंबाची वाळलेली पाने, प्लॅस्टिकचा तुकडा, आणि सगळ्याला धरून ठेवणारा शेवरीचा कापूस. दिल्लीत उन्हाळ्यात शेवरी फुटते तेव्हा रस्त्याकडेला तो कापूस उडत असतो. तेरा वर्षांचे तेरा मोसम तिथे दाबून बसले होते. थर हाताने धरून ओढला तर पापुद्र्यासारखा अख्खा निघून आला.

पंख्यांचीही गोम सापडली. या गाडीत प्रत्येक पंख्याच्या कमी वेगासाठी एक रेझिस्टर असतो आणि तो वयाने जळतो, हा ओळखीचा आजार आहे. मग एसी लावला की पंखा हळू फिरायला हवा तो फिरतच नाही. तापमान बरेच चढल्यावर एकदम पूर्ण वेगाने सुरू होतो. हायवेवर समोरून वारा मिळतो म्हणून काही कळत नाही. कोंडीत कळते.

आता या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय. मेकॅनिक म्हणाला, “सर, बंपर उतरवलाच आहे, कूलंटही बदलायचंय. पंप, थर्मोस्टॅट, कूलंटची टाकी, पंख्याचे रेझिस्टर, कंडेन्सर, सगळं एकदमच करून घेऊ. सगळं चौदा वर्षांचं आहे.” अंदाज पावणेतीन लाखांचा. ग्राहक, म्हणजे आता गाडीचे मालक, म्हणाले, “आत्ता फक्त साफ करून द्या दादा. बाकीचं पुढे बघू.” अठरा हजारांत साफसफाई झाली.

पैसे नव्हते असे नाही. 6 लाख एफडीत पडून होते. पण ते इंजिनासाठी होते, आणि मालकाच्या मनात रेडिएटर, पंप, टाकी म्हणजे इंजिन नव्हे. किरकोळ कामांचे 5 लाख कागदांनी जवळपास खाल्ले होते, म्हणून हात आखडला. खरे पाहता या इंजिनाला जपायचे असेल तर पहिला खर्च थंडाव्यावरच करायला हवा. इंजिनासाठी ठेवलेला पैसा इंजिन वाचवायला वापरला गेला नाही, हे मला अजून खटकते.

जूनच्या शेवटी लोणावळ्याहून परतताना मागून गोडसर वास येऊ लागला. थांबून पाहिले तर गाडीखाली फिकट गुलाबी थेंब. कूलंटच्या प्लॅस्टिकच्या टाकीला जोडाच्या रेषेवर तडा गेला होता. पाऊस धो धो. साधी क्रेन एक टोक उचलून ओढत नेते, तशी ही गाडी नेली तर बंपर आणि खालचे पत्रे जातात, म्हणून फ्लॅटबेड बोलवावा लागला. त्याच्या उताराचा कोन गाडीच्या नाकाला परवडेना. शेवटी लाकडी फळ्या एकावर एक रचून, इंच-इंच करत, विंचने ती वर चढवली. टोइंगचे 12 हजार.

या वेळी सगळे काम झाले. पंप काढला तेव्हा त्याच्या चक्राची दोन पाती अर्धी तुटलेली होती. आधीच्या कोणीतरी कूलंटमध्ये नळाचे पाणी भरले असावे, आत गंजकट थर होता. थर्मोस्टॅट 71 अंशांना उघडणारा घातला, टाकी व रेझिस्टर नवे, एका कंडेन्सरला बारीक भोक सापडले म्हणून दोन्ही बदलले. बंपरच्या भोकांना आतून बारीक जाळी बसवली. एकूण 2 लाख 90 हजार, शिवाय सुटे भाग परदेशातून यायला पाच आठवडे. यानंतरच्या कोणत्याही उन्हाळ्यात काटा 80 च्या शून्यावरून हललेला नाही. जाळीचे काम दोन-तीन हजारांचे, आणि माझ्या मते या गाडीवर झालेले ते सर्वांत चांगले ‘अपग्रेड’.

काय बदलले, काय सोडले

मालकाची मूळ यादी वेगळीच होती: मोठा आवाज करणारा एक्झॉस्ट, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग, 19 इंची चाके, संगणकाचे रीमॅप (जास्त ताकदीसाठी इंजिनाच्या संगणकाची मांडणी बदलणे).

एक्झॉस्ट कायद्यामुळे बाद झाला. कंपनीच्या मूळ रचनेत असे फेरफार करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. शिवाय जप्त केलेल्या सायलेन्सरांवरून रोड रोलर फिरवणाऱ्या पुणे पोलिसांशी वाद घालायची मालकाची तयारी नव्हती. स्प्रिंग सोसायटीच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरने बाद केल्या. मूळ उंचीवरसुद्धा तो तिरपा घ्यावा लागतो. 18 इंची चाके ठेवली, कारण आपल्या खड्ड्यांत टायरची कड जितकी जाड तितकी रिम सुरक्षित. मूळ मापाचे, 235 आणि 265 रुंदीचे नवे टायर 1 लाख 70 हजारांना आले आणि गाडीचा स्वभावच पालटला. ओल्या रस्त्यावर मागचा भाग सुटायचा तो थांबला. शॉक, ब्रेक पॅड आणि ब्रेक फ्लुइड यांना 2 लाख 30 हजार. रीमॅपऐवजी चांगले पेट्रोल भरायचे ठरले. 100 ऑक्टेनचे पेट्रोल डिसेंबर 2020 पासून पुण्यात मिळू लागले होते.

2023 मध्ये क्लच आणि फ्लायव्हील बदलले, 2 लाख 60 हजार. गिअरबॉक्स उतरला होता, तेव्हा पुन्हा त्या बेअरिंगचा विषय निघाला. बेअरिंग निघत नाही, पण त्याचे बाहेरचे सील काढून टाकले तर इंजिनाचे ऑईल त्याला थेट मिळते आणि आयुष्य वाढते, अशी एक पद्धत आहे. तांत्रिकदृष्ट्या ती पटण्यासारखी आहे. मात्र त्यासाठी कॅमशाफ्ट जागेवर बांधून ठेवणारी खास साधने लागतात. गॅरेजकडे ती नव्हती. ‘जुगाड करून काढतो’ असे एका कारागिराने सुचवले, आणि मालकाने नकार दिला. योग्य केले. टायमिंग एका दाताने जरी सरकले असते तर ज्याला घाबरत होतो तेच हाताने घडवले असते. त्याऐवजी दर सहा महिन्यांनी, किलोमीटर कितीही कमी झाले तरी, साडेआठ लिटर ऑईल बदलायचे, लोहचुंबक असलेला ड्रेन प्लग पुसून बघायचा आणि फिल्टर कापायचा, असा नेम ठेवला. पाचव्या सिलिंडरच्या त्या पुसट रेषा सम्प उघडून पुन्हा पाहिल्या, वाढलेल्या नाहीत.

पावसाळ्यात गाडी उभी ठेवण्याचाही धडा मिळाला. बॅटरी पुढच्या झाकणाखाली, आणि झाकण उघडते विजेवर. बॅटरी मेली की झाकण बंद, म्हणजे बॅटरीपर्यंत हात पोचत नाही. पायाजवळच्या फ्यूज बॉक्समधला लाल टर्मिनल बाहेर ओढून, त्याला दुसऱ्या बॅटरीची धन वायर लावून झाकण उघडावे लागते. हे माहीत नसल्याने एका शेजाऱ्याने पान्हा घालून झाकण उचकटायची तयारी केली होती. आता गाडीला कायमचा ट्रिकल चार्जर लावलेला असतो, आणि उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून पार्किंगमध्ये पिंजरा.

हिशेब

गाडी, कागद, वाहतूक, थंडावा, टायर, शॉक-ब्रेक, क्लच, 2023 चे नूतनीकरण, सर्व्हिसिंग आणि किरकोळ मिळून तीन वर्षांत 38 लाख 85 हजार. विमा आणि पेट्रोल यात नाही. नूतनीकरण वेगळे सांगायला हवे: 15 वर्षे पूर्ण झालेल्या आयात मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क एप्रिल 2022 पासून 40,000 रुपये आहे, साध्या गाडीला 5,000. वर पर्यावरण कर.

मुंबईची दुसरी गाडी 34 ला मिळत होती. तिलाही टायर, ब्रेक, सर्व्हिसिंग लागलेच असते, त्यामुळे ती स्वस्त पडली असती असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. एवढे मात्र नक्की की सव्वाअकरा लाखांचा तो फरक कागदावरच होता. आणि 6 लाखांची एफडी अजून जशीच्या तशी आहे, व्याजासकट.

वेगळे काय करता आले असते

व्यापाऱ्याला पूर्ण पैसे देण्याआधी आरसीवरचा बोजा उतरलेला आणि एनओसी हातात असायला हवी होती. निदान दोन-तीन लाख त्यावर अडकवून ठेवायचे. मूळ बिलाची प्रत सौद्याच्या अटीत घालता आली असती आणि आरटीओचा कर आधीच काढून तो दरात मागता आला असता. दिल्लीची गाडी स्वस्त असण्याचे अर्धे कारण हा करच असतो. तपासणीत पंख्याला कान लावला असता तर जळके रेझिस्टर तिथेच कळले असते आणि बंपर उतरवण्याची अट घालता आली असती. एप्रिलमध्ये मेकॅनिकचे ऐकले असते तर साफसफाईचे 18 हजार, टोइंगचे 12 हजार, दुसऱ्यांदा बंपर उतरवण्याची मजुरी आणि एक धोक्याची दुपार वाचली असती. राखीव निधीला एखाद्या भागाचे नाव देऊ नये, ‘पहिल्या वर्षाची दुरुस्ती’ एवढेच म्हणावे, असे मी तेव्हापासून विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

इंजिनाची तपासणी, जुगाडाला दिलेला नकार आणि मूळ उंची राखणे, हे तीन निर्णय पुन्हा घ्यायचे झाले तरी तसेच घ्यावेत.

2024 मध्ये एका ओळखीच्याने 27 लाख देऊ केले, ते नाकारले गेले. सध्याची नोंदणी 2028 च्या मार्चपर्यंत आहे. तेव्हा गाडीला 20 वर्षे होतील, आणि ऑगस्ट 2025 च्या नव्या दरानुसार 20 वर्षांवरच्या आयात चारचाकीचे शुल्क 80,000 रुपये झाले आहे. मालकाने ते खर्चाच्या वहीत आत्ताच मांडून ठेवले आहे, आणि त्याखाली ‘सम्प उघडून सिलिंडर पुन्हा तपासणे, जानेवारी 2028’ अशी नोंद आहे.